बेळगावातून पाण्याखालच्या गुहांकडे: गॅस आणि साहित्य कसं ठरवावं

मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला काही मोसम डायव्हिंग केलेली बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी आता पाण्याखालच्या गुहांची चौकशी करू लागली आहेत. चौकशी बहुधा साहित्यापासून सुरू होते. टॉर्च कुठला, सिलिंडर पाठीवर की बगलेला, रेग्युलेटर (सिलिंडरमधला गॅस श्वास घेता येईल अशा दाबाने तोंडाशी देणारं यंत्र) कुठल्या कंपनीचा? माझ्या मते सुरुवात दुसऱ्या टोकाने करावी. आधी गॅस ठरवायचा: कुठलं मिश्रण, किती लिटर, आणि त्यातला किती कुणाचा. हे आकडे कागदावर आले की साहित्याचे निम्मे प्रश्न सुटतात, कारण गुहेतल्या बऱ्याच साहित्याचं काम एकच असतं: बाहेर पडेपर्यंत तो गॅस दोन माणसांच्या तोंडाशी पोचवत राहणं.

दोन माणसांच्या, हे मुद्दाम लिहितो आहे. त्याचं गणित पुढे येईल.

आधी जागा

आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, गोकाकच्या धबधब्याला कठीण वाळूखडक. पाण्याखालच्या लांबलचक गुहा तयार होतात चुनखडकात. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि हजारो वर्षं तो खडक विरघळवत राहतं. मेक्सिकोच्या युकातान भागातल्या गुहा अशाच. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती तेव्हा त्या कोरड्या होत्या, म्हणून आज पाण्यात बुडालेले लवणस्तंभ तिथे दिसतात. तिथलीच साक आक्तुन ही गुहा जानेवारी २०१८ मध्ये शेजारच्या दोस ओखोस गुहेशी जोडलेली सापडली, तेव्हा तिची मोजलेली लांबी ३४७ किलोमीटर भरली. दुसरं प्रसिद्ध ठिकाण म्हणजे उत्तर फ्लोरिडातले झरे.

दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. युकातानमध्ये पाणी साधारण २४ ते २६ अंश असतं, बऱ्याच वाटा २० मीटरपेक्षा उथळ असतात आणि प्रवाह मंद असतो. गोडं पाणी वर, खारं खाली असा थर लागतो. दोन्ही ढवळली गेली की काही क्षण सगळं धूसर होतं. फ्लोरिडात पाणी २० ते २२ अंश, गुहा अधिक खोल आणि झऱ्याचा प्रवाह जोरदार बाहेर येणारा. आत जाताना दम लागतो, परतताना तोच प्रवाह मदत करतो. प्रवाह आत ओढणारा असेल तर हिशेब पूर्ण उलटतो आणि पुढचं कुठलंही सोपं सूत्र तिथे लागू करू नये. पहिल्या सफरीसाठी मी युकातान सुचवतो.

प्रशिक्षणाशिवाय पुढचं काही वाचून उपयोग नाही

आपल्यातले बरेचजण पोहायला विहिरीत शिकले, पाठीला डबा बांधून. विहिरीत कितीही खोल सूर मारला तरी वर निघालं की हवा. गुहेत वर दगड असतो. सुटका फक्त आलेल्या वाटेने, आणि ती वाट फिनच्या एका चुकीच्या फटक्याने गाळात दिसेनाशी होऊ शकते. समुद्रात अनेक बुड्या मारलेले प्रशिक्षकसुद्धा गुहेचं शिक्षण न घेता आत गेले आणि तिथेच राहिले. म्हणूनच अशा अनेक गुहांच्या तोंडाशी 'इथून पुढे जाऊ नका' असे मृत्यूचं चित्र असलेले फलक लावलेले असतात.

शिक्षणाची पायरी अशी: नायट्रॉक्स (ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेली हवा) आणि रेस्क्यू हे कोर्स झालेले असावेत, तरंगण्यावर पक्की हुकूमत असावी, मग कॅव्हर्न, मग इंट्रो टू केव्ह, मग फुल केव्ह. कॅव्हर्न म्हणजे जिथून दिवसाचा उजेड दिसत राहतो तो भाग. तिथे पृष्ठभागापासून आडवं-उभं मिळून एकूण अंतर साधारण ६० मीटरच्या आतच ठेवतात. हे कोर्स गुहेतच होतात, त्यामुळे पहिली सफर ही शिकण्याचीच सफर असणार असं धरून चला. हा लेख त्या शिक्षणाची जागा घेत नाही. तिथे जाताना तयारी पक्की असावी एवढ्यासाठी तो आहे.

फ्लोरिडातले गुहा-डायव्हर शेक एक्सली यांनी १९७० च्या दशकात गुहांतल्या मृत्यूंची एकेक करून छाननी केली. पुन्हा पुन्हा तीन कारणं समोर आली: बाहेरपर्यंतचा अखंड दोर नव्हता, परतीचा गॅस राखलेला नव्हता, खोली झेपेल त्यापेक्षा जास्त होती. पुढे प्रशिक्षण आणि दिव्यांची भर पडून पाच नियम झाले. आजही जगभर गुहेचं शिक्षण याच पाचांभोवती फिरतं.

स्वतःचा श्वासदर मोजा

हे काम परदेशी जाण्याआधी, इथेच करायचं. नेत्राणीला किंवा गोव्याला १० मीटर खोलीवर रोजच्या वेगाने सलग १० मिनिटं पोहा. सुरुवातीचा आणि शेवटचा दाब पाटीवर लिहा. समजा ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमधला दाब २०० वरून १६५ बारवर आला (बार हे दाबाचं माप; पृष्ठभागावर हवेचा दाब सुमारे १ बार). ३५ बार गुणिले ११.१ म्हणजे सुमारे ३८८ लिटर, मिनिटाला ३९. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून निम्मे करा: सुमारे २० लिटर. हा तुमचा पृष्ठभागावरचा श्वासदर.

एकाच मोजणीवर विसंबू नका. थंडी वाजत असताना, उलट्या प्रवाहात, मास्क काढून पुन्हा चढवल्यावर, अशा वेगवेगळ्या वेळी मोजा. घाबरलेल्या माणसाचा दर सहज दीडपट-दुप्पट होतो. आकडा कमी दिसावा म्हणून श्वास रोखून धरण्याची सवय लावून घेऊ नये. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं दुखतं, निर्णय बिघडतो, आणि नंतर शरीर ती थकबाकी धापा टाकून वसूल करतं.

मिश्रण कुठलं

साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन, बाकी जवळपास सगळा नायट्रोजन. खोलीवर नायट्रोजन दोन प्रकारे त्रास देतो: शरीरात मुरतो आणि गुंगी आणतो. तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही, ती म्हणजे घनता. दाबाखाली गॅस दाट होतो आणि तो आत-बाहेर ढकलायलाच मेहनत पडते. लिटरला ५.२ ग्रॅमपर्यंत ठीक, ६.२ च्या वर जाऊ नये, अशी शिफारस आता मान्य झाली आहे. साधी हवा ३१ मीटरच्या आसपास पहिली मर्यादा गाठते आणि ४० मीटरच्या आतच दुसरी ओलांडते. त्यामुळे 'हवेवर ४० मीटर चालतं' हा जुना हिशेब गुहेत धरू नये.

३० मीटरपर्यंतच्या गुहांसाठी नायट्रॉक्स ३२ (३२ टक्के ऑक्सिजन) हे उत्तम कामाचं मिश्रण आहे. ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या आत ठेवायचा या नियमाने त्याची कमाल खोली ३३ मीटर येते (१.४ भागिले ०.३२ म्हणजे ४.३७ बार). ३० मीटरवर ते श्वासात घेतलं तर नायट्रोजनच्या हिशेबाने जणू २४ मीटरवर हवा घेतल्यासारखं होतं. युकातानमधल्या उथळ पण तासाच्या वर चालणाऱ्या बुड्यांना हा फायदा फार मोठा. नायट्रॉक्स ३६ ची मर्यादा २८ मीटर. एकाच सफरीत दोन-तीन मिश्रणं मिसळण्यापेक्षा सगळ्या गटाने एकच घ्यावं असं मी आग्रहाने सांगेन. गॅस वाटून घ्यायची वेळ आली तर त्या क्षणी खोलीचा विचार करावा लागता कामा नये.

ऑक्सिजनचाही हिशेब ठेवायचा. १.४ बारला एका बुडीत १५० मिनिटं, १.६ ला फक्त ४५ मिनिटं, ही अमेरिकेच्या नोआ संस्थेची मर्यादा आहे. ऑक्सिजन जास्त झाला की पाण्याखाली झटके येतात, तोंडातून रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो. बऱ्याचदा आधी काहीच लक्षण जाणवत नाही.

३० मीटरच्या खाली हेलियम लागतो. २१ टक्के ऑक्सिजन आणि ३५ टक्के हेलियमचं ट्रायमिक्स ५० मीटरवर घेतलं तर गुंगी साधारण २९ मीटरवरच्या हवेइतकी राहते आणि घनता साडेपाच ग्रॅमच्या आसपास. हेलियम महाग असतो, सगळीकडे मिळत नाही, आणि त्याचं शिक्षण वेगळं असतं. डीकम्प्रेशनसाठी (मुरलेला गॅस शरीरातून निघावा म्हणून थांबे घेत वर येण्यासाठी) ५० टक्के ऑक्सिजन २१ मीटरपासून वर, शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरपासून वर वापरतात. पहिल्या एक-दोन सफरींत यातलं काही लागू नये अशीच गुहा निवडा.

तिसरा हिस्सा कुणाचा

गुहेतला मूळ नियम तृतीयांशाचा: एक हिस्सा आत जायला, एक बाहेर यायला, एक राखीव. दाब २०० बार असेल तर ३० ने भाग जाईल असा खालचा आकडा घ्या, १८०. त्याचा तिसरा हिस्सा ६०. म्हणजे १४० बार दिसले की गटातल्या कुणीही अंगठा दाखवायचा (डायव्हिंगमध्ये ही 'परत फिरा'ची खूण) आणि सगळ्यांनी वळायचं. तिथे चर्चा नसते.

बरेचजण राखीव हिस्सा आपला समजतात. तो सोबत्याचा आहे. आकड्यांत पाहू. पाठीवर १२ लिटरची दोन सिलिंडरं, एकूण २४ लिटर. खोली २० मीटर, म्हणजे ३ बार. श्वासदर २० लिटर, म्हणजे मिनिटाला ६० लिटर. ६० बार म्हणजे १,४४० लिटर आणि २४ मिनिटांची वाट. ऐन टोकाला सोबत्याचा गॅस पूर्ण गेला. तुमच्याकडे १४० बार, ३,३६० लिटर. दोघांनी शांतपणे परतायला २,८८० लिटर लागतील, ४८० उरतील. छान वाटतं. पण अशा वेळी शांत कोण राहतं? दोघांचा दर ३० लिटर झाला तर लागतात ४,३२० लिटर. जवळजवळ हजार लिटर कमी पडले.

आता तृतीयांशाऐवजी चतुर्थांश घ्या. २०० मधले ५० बार वापरून वळायचं: १,२०० लिटर, २० मिनिटं आत. उरले १५० बार, ३,६०० लिटर. दोघांचा दर दीडपट झाला तरी परतीला लागतात बरोबर ३,६०० लिटर. यातही वाट शोधण्याचा, गाळात हळू सरकण्याचा वेळ धरलेला नाही. म्हणून प्रवाह मदतीला नसलेल्या गुहेत नव्या माणसाने सहाव्या हिश्शावर वळावं: ३० बार, १२ मिनिटं आत. तिथे दर अडीचपट झाला तरी ४,०८० पैकी ३,६०० लिटरच लागतील. इंट्रो स्तरावर सहावा हिस्सा शिकवतात त्यामागचं कारण हेच. शिकून झाल्यावरही मी हा नियम लगेच सोडायला सांगणार नाही.

सिलिंडरं वेगवेगळ्या आकाराची असतील तर बारची तुलना करू नका, लिटरची करा. सोबत्याकडे ११ लिटरची दोन, म्हणजे २२ लिटर. त्याचा तृतीयांश ६० बार म्हणजे १,३२० लिटर. तुमच्या २४ लिटरच्या जोडीत तेवढेच लिटर ५५ बारमध्ये येतात. तुम्ही ५५ बार वापरले की वळायचं. ज्याच्याकडे गॅस कमी, त्याच्या आकड्यावर गट चालतो.

भरलेला गॅस तपासणं

उद्यमबागेतल्या कुठल्याही वेल्डरला विचारा, ऑक्सिजनच्या बाटलीच्या रेग्युलेटरला तेलकट हात लावू देईल का? दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की भडका उडतो. डायव्हिंगमध्येही हेच. ४० टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागणारी सिलिंडरं, व्हॉल्व्ह, रेग्युलेटर ऑक्सिजनसाठी खास स्वच्छ केलेले असावे लागतात. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा सिलिंडरमध्ये भरून घेण्याचा विचारही नको. तिच्यातलं तेल आणि कार्बन मोनॉक्साइड रंगकामाच्या फवाऱ्याला चालतं, फुफ्फुसाला नाही. युरोपीय मानकाप्रमाणे श्वासाच्या हवेत कार्बन मोनॉक्साइड दहा लाखात ५ भागांपर्यंत, कार्बन डायऑक्साइड ५०० भागांपर्यंत आणि तेल घनमीटरला अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. गॅस भरणाऱ्या केंद्राकडे तपासणीचा अलीकडचा अहवाल मागा. मागायला संकोच वाटू देऊ नका.

ऑक्सिजनचं प्रमाण स्वतः मोजायचं. ॲनालायझर आधी साध्या हवेवर २०.९ ला लावून घ्या, मग प्रत्येक सिलिंडर वेगळं मोजा. मोजल्यावर तिथल्या तिथे पट्टी चिकटवा: टक्के, कमाल खोली, तारीख, तुमची आद्याक्षरं. दुसऱ्याने मोजलेलं चालत नाही, मित्राने मोजलेलंही नाही. पट्टी नसलेलं सिलिंडर पाण्यात जात नाही. सिलिंडरच्या मानेवर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने सिलिंडरची मजबुती तपासण्याची) तारीख ठोकलेली असते. अमेरिकेत ती दर ५ वर्षांनी आणि आतून पाहणी दरवर्षी करतात. भाड्याने घेताना तीही वाचा.

साहित्य

इथे सगळ्यात आधी रेग्युलेटर. दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज (सिलिंडरवर बसणारा, दाब उतरवणारा भाग), दोन्ही डिन जोडणीचे. योक जोडणीचा नको: छताला आपटला तर तो निसटू शकतो, डिन व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसतो. मुख्य सेकंड स्टेजला (तोंडात धरायच्या भागाला) २.१ मीटर लांब नळी, दुसरा सेकंड स्टेज गळ्यात रबरी दोरीने हनुवटीखाली. गॅस संपलेल्याला तुमच्या तोंडातला, चालू असल्याची खात्री असलेला रेग्युलेटर द्यायचा आणि स्वतः गळ्यातला घ्यायचा. नळी लांब का? अरुंद वाटेत दोघांना एकामागे एक जावं लागतं.

पाठीवर की बगलेला, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पाठीवरच्या जोडीत दोन्ही सिलिंडरं मधल्या नळीने जोडलेली असतात, त्यामुळे एका बाजूचा रेग्युलेटर बिघडून तो व्हॉल्व्ह बंद केला तरी सगळा गॅस हाती राहतो; पण खांद्यामागे हात पोचायला हवा. बगलेच्या मांडणीत व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर, पाठीवर भार कमी, आणि युकातानमध्ये ११ लिटरची ॲल्युमिनियम सिलिंडरं सहज मिळतात. मात्र तिथे दोन्ही गॅस वेगळे: एक बाजू गेली तर तिच्यातला गॅस गेलाच. म्हणून थोड्या थोड्या बारने बाजू बदलत दोन्ही समान ठेवायच्या, आणि वळण्याचा आकडा प्रत्येक सिलिंडरला वेगळा लावायचा. कंबर किंवा गुडघे दुखणाऱ्याने बगलेची मांडणी शिकावी. बाकीच्यांनी आपला प्रशिक्षक जे शिकवतो ते घ्यावं.

दिवे तीन. एक मुख्य, दोन राखीव, आणि प्रत्येक राखीव दिवा संपूर्ण परतीला पुरेल इतका चालणारा. एक दिवा गेला की बुडी संपली, मग उरलेले दोन कितीही चांगले असोत.

दोर हा बाहेरचा रस्ता आहे. मुख्य रील उघड्या पाण्यापासून गुहेतल्या कायमच्या दोरापर्यंत बांधायला; प्रत्येकाकडे एक सुरक्षा स्पूल (दोराचं छोटं रीळ), हरवलेला दोर किंवा माणूस शोधायला; फाट्यांसाठी वेगळे स्पूल. दोरावर लावायचे बाण नेहमी जवळच्या बाहेरच्या वाटेकडे टोक करून. गोल चकत्या आपली स्वतःची खूण म्हणून, त्या दिशा सांगत नाहीत. कापायला दोन साधनं, हात पोचेल अशा दोन ठिकाणी. डायव्ह कॉम्प्युटर दोन. फिन्स ताठ आणि स्प्रिंगच्या पट्ट्यांचे. लटकणारं काही अंगावर ठेवू नका. युकातानला ५ मिलिमीटरचा सूट आणि हूड बऱ्याच जणांना पुरतो. नेत्राणीच्या उबदार पाण्याला सरावलेल्यांना २४ अंशात दीड तास हळू पोहताना थंडी वाजतेच, आणि थंडीने श्वासदर वाढतो.

रीब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं यंत्र) आत्ता नको. त्यावर गेलात तरी बिघाडात बाहेर पडायला साध्या सिलिंडरांतला गॅस सोबत न्यावाच लागतो, म्हणजे वरचं गणित तसंच राहतं.

दोराचा सराव बेळगावात जमिनीवर करता येतो आणि करावाच. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांमध्ये दोर ताणा, वळणं द्या, गाठी मारा. मग डोळे मिटून अंगठा आणि तर्जनीच्या गोलात दोर धरून, सोबत्याच्या दंडावर हात ठेवून मागे या. त्यानंतर हेच जलतरण तलावात, मास्कवर काळी पट्टी लावून, लांब नळीवर गॅस वाटून घेत.

बॅग भरताना

सिलिंडर इथून नेऊ नका, तिथेच भाड्याने घ्या. भरलेलं सिलिंडर विमानात घेत नाहीत. रेग्युलेटर, मास्क, कॉम्प्युटर हातातल्या बॅगेत. सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त केबिनमध्ये, टोकं झाकून. १०० वॅट-तासांपर्यंत चालतात. १०० ते १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी घेऊन जास्तीत जास्त दोन. दिव्याची बॅटरी विकत घेतानाच हा आकडा बघा. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून मुंबई किंवा बेंगळुरूला जोडविमान असेल तर त्या विमानाची वजनमर्यादा धरून बॅग भरा, कारण ती बहुधा कमी असते. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डायव्हरांच्या सुरक्षेची संस्था) देते तसा डायव्हिंगचा विमा आणि डॉक्टरचं अलीकडचं प्रमाणपत्र सोबत ठेवा. जवळचा रीकम्प्रेशन चेंबर (डायव्हरला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करण्याची खोली) कुठे आहे ते पोचल्याच्या दिवशी विचारून घ्या.

परत घाट चढताना

ही गोष्ट किनाऱ्यावरच्या लोकांना लागत नाही, आपल्याला लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. गोव्यात किंवा मुरुडेश्वरला सराव करून त्याच संध्याकाळी चोर्ला किंवा अनमोड घाट चढणं म्हणजे शरीरात मुरलेल्या नायट्रोजनसकट कमी दाबात जाणं. विमानप्रवासासाठीच्या डॅनच्या शिफारशी ६१० मीटरपासून वरच्या उंचीला लागू होतात, म्हणजे आपलं घर त्यात येतं. डीकम्प्रेशनशिवायच्या एका बुडीनंतर किमान १२ तास, एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस बुड्या मारल्या तर किमान १८ तास, आणि डीकम्प्रेशनची बुडी असेल तर त्याहून बरंच अधिक. मी सगळ्यांना सरसकट २४ तास सांगतो. शनिवारी दुपारपर्यंत डायव्हिंग, रात्र आणि रविवारचा दिवस किनाऱ्यावर, रविवारी संध्याकाळी घाट.

घाट चढताना किंवा घरी पोचल्यावर सांधे दुखू लागले, त्वचेवर चट्टे आले, मुंग्या आल्या, लघवी अडली किंवा विचित्र थकवा वाटला, तर झोप काढून बघू म्हणू नका. शुद्ध ऑक्सिजन लावून घ्या, डॉक्टरला 'कालपर्यंत डायव्हिंग केलं आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा, आणि डॅनच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक घरच्यांच्या मोबाइलमध्ये निघण्याआधीच साठवलेला असावा.